बंपरवरची चिकटपट्टी

१४ मार्च, शनिवार, सकाळ

दादा,

नमस्कार. तुझ्या मानेचा पट्टा निघाला असं वहिनीकडून कळलं, बरं वाटलं. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत. गॅरेजचं छत गळत होतं, ते मी दुरुस्त करून घेतलं. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र लिहितेय.

काल रेसिंग क्लबच्या चौकशी समितीचा लखोटा आला. सोबत तुझ्या जबाबाची प्रत होती. त्यात तू लिहिलंयस, "ब्रेकचं सगळं काम माझी धाकटी बहीण बघते. तिने घरगुती पद्धतीने काही पाइप बसवले होते." पुढे पूर्णविराम. ते पाइप शर्यतीच्या दिवशी कोणी बंद केले, हे लिहिताना तुझं पेन संपलं का?

मग मी सांगते. दर शर्यतीत सातव्या-आठव्या फेरीला तुझे ब्रेक तापायचे, आतलं तेल उकळायचं आणि पेडल मऊ पडायचं. ब्रेकवर हवा नेणारा तयार संच आपल्याला परवडणारा नव्हता. महिनाभर कामावरून आल्यावर मी तो घरी बनवला. बंपरमधले धुक्याचे दिवे काढून त्या भोकांत दोन नरसाळी बसवली. तिथून चाकापर्यंत भंगारातल्या हीटरचा, उष्णता सोसणारा पाइप नेला. पत्रा कापून पाइपचं तोंड ब्रेकच्या डिस्कच्या मधोमध वळवलं, कारण हवा एकाच बाजूला लागली तर डिस्क तडकते. चाक पूर्ण वळवलं की पाइप घासायचा, म्हणून तीनदा सोडून पुन्हा बांधला. सरावाच्या दिवशी दहा फेऱ्यांनंतर डिस्क मोजली, तर आधीपेक्षा दीडशे अंशांनी थंड. तू स्वतः म्हणालास, "पेडल शेवटपर्यंत दगडासारखं होतं, छोटे." त्या एका वाक्यावर मी आठवडाभर हवेत होते.

आणि शर्यतीच्या सकाळी त्या नव्या टीमचा मालक आपल्या गाडीसमोर वाकून म्हणाला, "नरसाळी? यातून तेल ओतता की काय?" सगळे हसले. तूही हसलास. मी म्हटलं, "हसू देत त्यांना, तू आकडे बघ." तू सगळ्यांच्या देखत म्हणालास, "तू फक्त पाने-पक्कड दे. अक्कल मागितलेली नाही."

मी तिथून निघून गेले. तेवढ्यात तू नरसाळी उपसून टेम्पोत फेकलीस आणि भोकांवर काळी चिकटपट्टी लावलीस. बंपर फोटोत झकास दिसला. नवव्या फेरीत, सरळ रस्त्याच्या शेवटी, पेडल तळाला गेलं. गाडी खडीवरून थेट टायरांच्या भिंतीत घुसली. त्या भिंतीमागे धोक्याचा पिवळा झेंडा घेऊन आपले मास्तर उभे होते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून प्रत्येक शर्यतीला फुकट येऊन उभे राहणारे मास्तर.

मंगळवारी मी त्यांना भेटून आले. मांडीच्या हाडात सळई घातली आहे. त्यांच्या बायकोने खुर्ची पुढे केली, मी बसले नाही. मास्तरांनी विचारलं, "ब्रेक तुम्ही करता ना? नेमकं काय झालं हो?" आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "बघतेय अजून." आणि निघून आले.

खोटं बोलले. बघायचं काही उरलंच नव्हतं. दादा, मी ती चिकटपट्टी पाहिली होती. गाड्या रांगेत लागत होत्या, सुरू व्हायला दहा मिनिटं होती. पट्टी फाडून नरसाळी परत बसवायला पाच पुरली असती. निदान तुझ्या खिडकीशी वाकून "सहाव्या फेरीपासून जपून" एवढं तरी सांगता आलं असतं. मी हाताची घडी घालून उभी राहिले. म्हटलं, तापू देत. पेडल मऊ पडलं की शर्यत सोडून निमूट आत येईल आणि सगळ्यांच्या देखत मला विचारेल. तेवढंच हवं होतं मला.

आणि तू आत आला नाहीस. सातव्या फेरीतच तुला पेडल मऊ लागलं असणार. लागलं होतं ना? तिसऱ्या नंबरसाठी तू तसाच रेटत राहिलास, आणि आता खापर माझ्यावर फोडतोस. मी चुकले म्हणून तू सुटलास असं समजू नकोस. तू सोयीस्कर खोटं लिहिलंस आणि सहीसुद्धा ठोकलीस, याची मला किळस येते.

सोमवारी मी समितीला जबाब देणार आहे. पट्टी कोणी लावली ते लिहीन, आणि लावलेली कोणी पाहिली तेही लिहीन. तुझा परवाना जाईल, मला पुन्हा ट्रॅकवर पाऊल टाकू देणार नाहीत. चालेल. वहिनीला फोन करायला लावू नकोस, आईला मध्ये घालू नकोस. तुझा जबाब बदलायचा तर सोमवार सकाळपर्यंत वेळ आहे.

उद्या चार वाजता मी मास्तरांकडे जाणार आहे. या वेळी बसणार आहे आणि सगळं सांगणार आहे. तू आलास तर तुझा भाग तू सांग. नाही आलास तर तोही मीच सांगेन.

हे पत्र मी स्वतः तुझ्या दारावरच्या टपालपेटीत टाकतेय. बेल वाजवणार नाही.

तुझ्यावर संतापलेली, आणि तुझ्याइतकीच दोषी,
छोटी