गोलातलं गोलात

ता. ६ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझा हा भाऊ नोकरी करतो तिथे मोबाइलला रेंज नाही, म्हणून तुला पेन शोधावं लागलं याची गंमत वाटली. तुझे चिरंजीव ठणठणीत आहेत. शिबिरात आठ पोरं, सकाळी टेकडी, दुपारी रोपवाटिकेत काम, मग ओढ्याकाठी गोल करून बसणं. ज्याच्या हातात गोटा तो बोलतो, बाकीचे ऐकतात. गोलातलं गोलातच राहायचं, हा एकच नियम. मी समुपदेशक असलो तरी पहिल्या दिवशी गोटा मीच घेतो, नाहीतर पोरं तोंड उघडत नाहीत.

तू शपथ घातलीस म्हणून एवढंच सांगतो. शेवटच्या दुखण्यात भाऊजींच्या छातीत कळ आली तेव्हा त्यांनी याला दोनदा फोन केला होता. हा गेम खेळत होता, उचलला नाही. वर्षभर मनात ठेवलं, काल बोलला आणि ढसाढसा रडला. त्याच्यापाशी चुकूनही विषय काढू नकोस.

तब्येतीला जप. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
धाकटा

ता. ३० जानेवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पोरगा रापून आला, स्वतःचं ताट स्वतः धुतो. चार दिवस मी जिभेला कुलूप घातलं होतं. पाचव्या दिवशी इस्त्री करत होते, तर आपणहून जवळ आला आणि खांद्यावर डोकं ठेवलं. वर्षात पहिल्यांदा. मी विरघळले रे. म्हटलं, बाळा, त्या फोनचं मनाला लावून घेऊ नकोस, तुझा काही दोष नाही.

त्याने मान उचलली. तुला कोणी सांगितलं, एवढंच विचारलं. मला खोटं बोलता आलं नाही. तेव्हापासून खोलीचं दार बंद आहे. करायला गेले एक आणि झालं भलतंच. तूच त्याला लिही.

माझ्यावर रागावू नकोस.

ताई

ता. ९ फेब्रुवारी

ती. मामांस सा. न.

तुमचं माफीचं पत्र पोचलं. आजवर अरे-तुरे करत आलो, आता जमत नाही.

आईने घातलेली शपथ मोडवली नाही, असं तुम्ही लिहिता. खरं असेल. पण फोनचं मी तिला स्वतः सांगणार होतो. शिबिराच्या शेवटच्या दिवशी झाडाला पाठ टेकून तेच वाक्य घोकत होतो. तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं ते सांगायलाच. माझ्याआधी तिनेच मला सांगितलं. आता ते वाक्य कोणाला सांगू? मला तुमचा फार राग आला आहे.

काल आईने विचारलं, मामा तिथे स्वतःबद्दल काय बोलतो. तुमचं बाबांशी भांडण झालं होतं, म्हणून ते दोन दिवस दवाखान्यात होते तरी तुम्ही मुद्दाम आला नाहीत, आणि आईला बस बंद पडल्याचं सांगितलंत, हे गोटा हातात घेऊन तुम्ही आम्हा आठ जणांना सांगितलं होतं. आईचा अजून त्या बसवर विश्वास आहे.

मी तिला म्हटलं, गोलातलं गोलातच राहतं.

पत्राच्या शेवटी लोभ मागायची रीत आहे. या वेळी मागत नाही.

तुमचा भाचा