सहावा दोरा

मंडलेश्वर, २० जानेवारी १९९२

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही इंदूरला दुरुस्त करून ट्रकने पाठवलेलं इंजिन यांनी नावेत बसवून पंधरा दिवस झाले. रिकामी नाव छान चालते. माणसं बसली आणि वेग वाढवला की इंजिन तापतं. परवा नदीच्या ऐन मध्यावर वाफ निघाली. यांनी इंजिन बंद केलं आणि चौदा माणसांसकट नाव खालच्या खडकांकडे वाहू लागली. वल्ही मारून कसेबसे काठाला लागलो. मी त्या नावेत होते, उर्वी माझ्या मांडीवर होती.

दहा फेब्रुवारीला नर्मदा जयंती. पलीकडच्या गावातली माणसं घाटावर आणायचा शब्द यांनी दिलाय. हे म्हणतात, इंजिन बाबांच्या हातचं आहे, त्यात खोट नसणार, चुकलं असेल ते माझंच. काय बघायचं ते तुम्हीच सांगा. आईला खडकांचं कळू देऊ नका.

आशीर्वाद असावा, सध्या तो नावेत फार लागतो.
तुमची अरुंधती

मल्हारगंज, इंदूर, २४ जानेवारी १९९२

चि. सौ. अरुंधतीस अनेक आशीर्वाद.

पत्र तुझ्या आईनेच आधी फोडलं, त्यामुळे खडक काही लपले नाहीत. रात्रभर तिने मला झोपू दिलं नाही.

जावईबापूंना सांग, इथे अंगणात पाण्याच्या ड्रमला जोडून इंजिन दोन तास चालवलं, थंडगार होतं. मग पाइपांची तोंडं सुताच्या बोळ्यांनी बंद केली. आमच्या कापड मिलच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक बोळ्याला लाल दोरा बांधून बाहेर लोंबता ठेवला, म्हणजे काढायचा कोणी विसरत नाही. तेव्हा दोष इंजिनात नाही, बसवण्यात आहे. असं काम आमच्या खात्यात कोणी केलं असतं तर मी त्याला गेटाबाहेर काढलं असतं. आता गेटालाच कुलूप आहे, ते सोड.

नदीचं पाणी आत घेणारी जाळी बघा. पट्टा ढिला आहे का बघा. इंजिनातून परत नदीत पडणारी धार कशी आहे ते बघा. आणि वेग वाढवल्यावर पंपाच्या आधीचा रबरी पाइप हाताने चाचपा. मिलमधला बाबूराव रोज चहाला येतो आणि विचारतो, मास्टरजी, नाव ठंडी हुई क्या. त्याला काय सांगू ते लवकर कळव.

तुझ्यावर लोभ आहेच, जावईबापूंवर पट्टा बघितल्यावर.
बाबा

मंडलेश्वर, ३१ जानेवारी १९९२

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र यांच्या हातात पडलं. गेटाबाहेर काढण्याचं वाचून हे जेवणाच्या पानावरून उठले आणि घाटावर गेले. मला तुमचा राग आला, खरं सांगते.

तरी यांनी सगळं तपासलं. जाळी धड आहे, स्वच्छ आहे. पट्टा घट्ट आहे. परत पडणारी धार मात्र करंगळीएवढी. आणि वेग वाढवला की तो रबरी पाइप आपोआप चपटा होतो. काल पुन्हा तापलं. तरी हे म्हणतात, शब्द दिलाय, दहाला नाव निघणार. मग मीही उर्वीला घेऊन तीत बसणार, असं मी सांगून टाकलंय.

माया असू द्या, पण यांच्यावरही असू द्या.
अरुंधती

तार. इंदूर, ३ फेब्रुवारी

नाव सोडू नका. जाळीमागचा कोपऱ्याचा पाइप खोला. पंढरीनाथ

मंडलेश्वर, ४ फेब्रुवारी १९९२

तीर्थरूप बाबांस,
श्रीहरीचा सा. न. वि. वि.

तार मिळताच कोपरा खोलला. आत नदीचं शेवाळ गच्च बसलं होतं. जाळी बसवताना माझ्याकडूनच फट राहिली असणार. चूक माझी. तुम्ही इंदुरात बसून बरोबर जागा सांगितलीत, हे मी घाटावर सगळ्यांना सांगितलं. आज वीस माणसं घेऊन चार फेऱ्या केल्या. धार मनगटाएवढी पडते, इंजिनावर हात ठेवता येतो. जयंतीला आईंना घेऊन जरूर यावं.

राग नसावा, माझ्याकडे तो उरलेला नाही.
आपला श्रीहरी

मल्हारगंज, इंदूर, ६ फेब्रुवारी १९९२

चि. श्रीहरी यांस अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र वाचून अरुंधतीची आई म्हणाली, जावई किती मोकळेपणाने चूक कबूल करतात, शिका काहीतरी.

जाळी धड आणि स्वच्छ होती, तर शेवाळ आत गेलं कुठून? पाइप चपटा होतो हे वाचलं तेव्हाच कळलं की पाणी कोपऱ्यात अडतंय. तो कोपरा मीच जोडून पाठवला होता. तार करून घरी आलो आणि टूलबॉक्स उघडला. इंजिन पाठवायच्या दिवशी सहा तोंडांसाठी सहा दोरे कापले होते. शेवटचा बोळा हातात असताना बाबूराव धावत आला, म्हणाला मिलची यंत्रं भंगारात काढताहेत, ट्रक गेटाशी लागलेत. मी बोळा दोऱ्याशिवाय तसाच त्या कोपऱ्यात खुपसला आणि पळालो. माझ्या हातची यंत्रं ट्रकवर चढताना पाहिली. परत आल्यावर कशात लक्ष नव्हतं. सहावा दोरा टूलबॉक्समध्येच पडून होता.

चौदा माणसं, माझी लेक, माझी नात. आणि वर मी तुम्हालाच गेटाबाहेर काढत होतो. मला फार लाज वाटते. तुम्ही माझी अब्रू झाकलीत, पण चूक माझी आहे, ती माझ्याकडेच राहू द्या. मिल गेली, माझं काम तरी बरंवाईट माझंच असू द्या.

नऊ तारखेच्या बसने आम्ही दोघं येतो. पहिल्या फेरीला मी इंजिनापाशी बसेन, त्या पाइपावर हात ठेवून.

लोभ गृहीत धरत होतो, आता मागतो.
पंढरीनाथ

ता. क. सोबत लाल दोरा ठेवला आहे. तुमच्या शेवाळाला बांधा.