नंदूच्या मुलीचं बारसं आणि बंद इंटरनेट

बुध. ४ ऑक्टो. २००६
दसऱ्यापासून नेट बंद. मोडेमवरचा दिवा नुसता लुकलुकतो. टेलिफोन ऑफिस म्हणतं, "लाइन ओके आहे, प्रॉब्लेम तुमच्या कॉम्प्युटरमध्ये." कॉम्प्युटरवाला म्हणतो, "मशीन एक नंबर, लाइन बघा." दोघांनाही एका खोलीत कोंडावं. आपल्या रविवारी सकाळी धाकट्या भावाच्या, नंदूच्या मुलीचं बारसं, तिकडे अमेरिकेत. वेबकॅमवर दाखवणार. नाव आजीने ठेवायचं, आणि आई अडून बसलीय, "तोंड बघितल्याशिवाय नाव ठेवायची नाही." साडीही काढून ठेवलीय.

गुरु. ५
अंबडच्या कंपनीतून हाफ डे टाकून आलो. टेलिफोनवाला फिरकला नाही. फोन केला तर, "कंप्लेंट क्लोज दिसतेय, सर." कुणी केली क्लोज? इतका ओरडलो की बायकोने, सुनीताने, खिडक्या लावल्या. पलीकडे कुणी पोरगी होती, तिचा काय दोष? पण ओरडताना बरं वाटत होतं. हे वाईट.

शुक्र. ६
कॉम्प्युटरवाला: "फॉरमॅट मारू." त्याला हाकललं.

शनि. ७
सापडलं. मोडेमच्या मागे टॉर्च मारला. फोनची वायर खुपसतात त्या भोकात तांदळाचा दाणा, कुंकवाने लाल. दसऱ्याला आईने मोडेमवर वाहिलेल्या अक्षता! वायर पुरती बसतच नव्हती. सुईने दाणा काढला, दिवा स्थिर.
आनंद व्हायचा तर आईवर तुटून पडलो. "यंत्र आहे ते, देव नाही!"
"कंपनीत मशीनला हार घालून पेढे आणतोस, तेव्हा कुठे जातं हे शहाणपण?"
सुनीता हसली. मग तर भडकलोच. आईला म्हणालो, यापुढे कॉम्प्युटरजवळ यायचं नाही.
आता आठवतंय. पुसायला वायरी मी काढल्या. मोडेम पाटावर मी मांडला. पूजा झाल्यावर वायर अर्धवट खुपसली तीही मीच. आईला अजून बोललो नाही. उद्या...

रवि. ८
नंदू लागला. चित्र अडखळतंय, पण बाळ दिसतंय. जावळ भरपूर. आई स्वयंपाकघरात, जुन्याच साडीत, मेथी निवडतेय.
"जवळ यायचं नाही ना? मग नाही येत."
म्हटलं, आई, वायर मीच नीट लावली नव्हती.
"हे तुला काल कळलं की आत्ता?"
"काल."
पुन्हा मेथीत डोकं.
स्पीकरवर नंदू: "दादा, पाहुणे खोळंबलेत. आई कुठाय? आम्हीच ठेवू का नाव?"
हे तिला ऐकू गेलं असणार. पानं खुडायचा आवाज थांबलाय. उठली मात्र नाही. मी नंदूला थांब म्हटलंय, किती वेळ ते मलाच ठाऊक नाही.