भिंतीवरचा जास्तीचा दगड

१ मार्च, बुधवार

धाकटीची रविवारची फेरी भरली. एकोणीस जण. नाव दिलंय ‘झपाटलेला किनारा’. पंपघरामागची पायवाट, होड्यांची मोडकी शेड, शेवटी बुडीत पायऱ्या. त्या ओहोटीलाच उघड्या पडतात. तिन्ही जागा माझ्या. ती वाट मी चालून चालून पाडली, तेव्हा ही घरात नखं रंगवत बसायची.

पायऱ्यांपाशी कुणी कण्हल्यासारखा आवाज येतो. ती सांगते, बुडालेला नावाडी. तो नऊ इंची पाइप आहे. वारा शिरला की वाजतो. मी मोजलाय.

२ मार्च

जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातली रिसेप्शनिस्ट म्हणाली, “तुमची बहीण काय बोलते म्हणे! अंगावर काटा येतो म्हणतात. तुम्ही का नाही हो जात?”

“गुडघा दुखतो.”

गुडघा ठणठणीत आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच पायऱ्यांवर धाकटी मला म्हणाली होती, “वाटा काय तुझ्या नावावर आहेत?” त्यानंतर मी तिच्याबरोबर चालले नाही. मी दिवसभर नळांचे नकाशे काढते. ते बघून कुणाच्या अंगावर काटा येत नाही.

५ मार्च, रविवार

गेले. शेडमध्ये फळ्यांआड बसले. चोरासारखी, माझ्याच जागेत.

पायऱ्या उतरण्याआधी तिने सगळ्यांना वरच्या भिंतीवर एकेक दगड ठेवायला लावला. हा बाबांचा नियम. वर आलं की आपला दगड उचलून पाण्यात टाकायचा. दगड उरला, तर कुणीतरी अजून खाली आहे, आणि पाणी चढतंय. बाबा हे एका वाक्यात सांगत. हिला दहा मिनिटं लागली. लोक तोंडं उघडी टाकून ऐकत होते. एका म्हाताऱ्या मास्तरांनी तर टोपी काढली!

सगळे वर आले. एक दगड उरला. ती त्याच्याकडे बघून चालती झाली.

बाबांचा नियम मिरवायचा, आणि मोजायचं नाही! ते गेल्यावर मी तो उचलला. काळा, चपटा, खालून शेवाळ धरलेला. फेकला.

७ मार्च

धाकटीचा फोन. उचलला नाही.

१२ मार्च, रविवार

पुन्हा शेडमध्ये. भिंतीपाशी येताच धाकटी थबकली. मग एकटीच हसली. कशाला, कळलं नाही.

तिच्यासकट पंधरा माणसं. दगड सोळा. दोनदा मोजले. शेवटी पुन्हा एक उरला, आणि ती निघून गेली. फेकताना बरं वाटलं. फार बरं वाटलं.

१४ मार्च

आई म्हणाली, “धाकटी हल्ली फार खुशीत आहे. विचारलं तर सांगत नाही.”

का खुशीत आहे? दिवसभर तेच डोक्यात. नकाशात एका नळाला दोन व्हॉल्व्ह काढले.

१९ मार्च, रविवार

गेले नाही. घरात बसून ओहोटीची वेळ पाळली.

२० मार्च, सोमवार

रिसेप्शनिस्ट काल गेली होती. टेबलावर ओणवी होऊन म्हणाली, “तुम्ही काही बोलला नाहीत!”

“काय?”

“तो एक दगड तुमचा असतो म्हणून. आम्ही विचारलं, हा कुणाचा राहिला? तर म्हणाली, माझ्या ताईचा. वाट तिचीच आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्यावर रुसून खाली बसलीय, वर आली की स्वतः उचलेल.”

मी पेन्सिलीला टोक काढत राहिले.

“आणि म्हणाली, दोन वर्षं हलला नव्हता, आता दोनदा उचलला गेला. म्हणजे ताई येऊन जाते. फक्त मला भेटत नाही.”

“मग पुन्हा कशाला ठेवते?”

“मीही तेच विचारलं. म्हणे, तिला पुन्हा खाली जाऊन बसायची खोड आहे.”

टोक मोडलं.

२६ मार्च, रविवार

फेरीच्या तासभर आधी गेले. भिंतीवर दोन दगड. एक माझा. दुसरा तिचा असणार, कारण खालून पाइपात तोंड घालून कुणीतरी बेसूर गात होतं.

माझा उचलला. हातात धरला. परत ठेवला आणि खाली उतरले.