खालचा झोपला आहे

सोमवार

चि. धाकट्यास,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र नाही, म्हणजे गुत्ता जोरात चालला असणार. इकडे आईचं काही खरं नाही. गुडघे गेले, गुत्त्यावरच्या खोलीचा जिना तिला झेपेना, म्हणून मी तिला इकडे आणली. ते बरं केलं की वाईट, देव जाणे. अन्न जेमतेम जातं आणि डोळ्याला डोळा लागत नाही. वैद्य म्हणाले, आता औषध नाही; निजू द्या, म्हणजे सुखाने जाईल. म्हणून मी घर चिडीचूप केलंय. कुत्रं पलीकडच्या वस्तीत नेऊन बांधलं, पोरं चवड्यांवर चालतात, आणि तुझ्या दाजींना शिंकायलासुद्धा अंगणात पाठवते. तरी ही टक्क जागी. काल मला जवळ बोलावून विचारत होती की सगळे गप्प का, घरात कुणाचं काही झालंय का. मला रडूच कोसळलं.

आई तुझी वाट बघते आहे. येशील, की पिंपांना मिठी मारून बसशील? रागावलेय, पण माया आटलेली नाही, एवढं ध्यानात ठेव.

तुझी अक्का

गुरुवार

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

शिव्या पोचल्या. त्यांना टपाल लागतच नाही, तुझ्या नुसत्या आठवणीनेही कान तापतात.

पण मी हौसेने बसलेलो नाही गं. तू लवकर सासरी गेलीस, विसरली असशील. आमच्या फरशीखाली ‘खालचा’ निजलाय. पाळण्याच्या झोक्यावर तान्हं मूल निजावं, तसा तो आमच्या गोंगाटावर निजतो. झोका थांबला की जागा. आजोबांच्या वेळी गुत्ता एकदाच गप्प पडला, तर त्याने रंगाऱ्यांची अख्खी आळी गिळली. म्हणून इथे भांडण सोडवणाऱ्याला मी बाहेर काढतो आणि बेसूर गाणाऱ्याला पुढच्या बाकावर बसवतो. परवा जरा बाजारात गेलो, तेवढ्यात आमचा राक्षस हमाल आणि बुटका कुलूपवाला जुनं वैर विसरून गळ्यात गळे घालून मुकाट बसले, आणि त्यांच्याकडे बघत बाकीचेही. परत येऊन बघतो तर फरशीला हातभर चीर! आता सांग, कुणाच्या जिवावर निघू? ढोलवाल्यांचा ताफा येतोय. ते आले की त्यांच्यावर सोपवून तसाच निघतो.

पण अक्का, तू उलटंच करून बसलीस. ही बाई उभा जन्म त्या वरच्या खोलीत निजली, खाली बाकं मोडत असताना. तिच्या लेखी शांतता म्हणजे तो जागा झाला. तिला झोप येत नाही असं नाही, झोपायची भीती वाटते. कुत्रं आण. पोरांना बोंबलू दे. पातेली बडव. आणि तिला सांग, धाकटा येतोय.

दाजींना नमस्कार, त्यांना घरात शिंकू दे.

तुझा धाकटा

रविवार

चि. धाकट्यास,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. सेवा म्हणून जे केलं, त्यानेच मी तिला जागं ठेवलं.

पोरांना सांगितलं, घर डोक्यावर घ्या. आधी त्यांना खरंच वाटेना, मग आवरेनात. कुत्रं आणलं. ह्यांनी परात बडवली. मी आमच्या लग्नातलं मानापानाचं भांडण उकरून काढलं, ते तर इतकं रंगलं की शेजारी सोडवायला आले. त्यांनाही ओरडायला लावलं. आईचा चेहरा सैल पडला. म्हणाली, आज गर्दी बरी आहे, धाकटा एकटा सांभाळतोय ना. मी हो म्हटलं. मग कुशीवर वळली आणि घोरायला लागली. किती दिवसांनी! आम्ही घसे बसेपर्यंत ओरडत राहिलो. तिचं घोरणं कधी थांबलं, ते त्या गोंधळात कळलंच नाही.

आई गेली, धाकट्या. आता धावत येऊ नकोस. घर पुन्हा गप्प झालंय, आणि आता ते मलाच सोसवत नाही.

जिवाला जप. आता तुला रागवायला मी एकटीच उरले.

तुझी अक्का

बुधवार

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र भर दुपारी आलं. ढोलवाले आदल्याच दिवशी पोचले होते, माझं गाठोडं बांधून दाराशी ठेवलं होतं.

माझा चेहरा बघून हमालाने काय झालं विचारलं आणि मी सांगून बसलो. तिथेच चुकलं. इथल्या निम्म्या गिऱ्हाइकांचे कान आईने पिळलेत, निम्म्यांना तिने आजारपणात पेज पाजली आहे. सगळ्यांनी टोप्या काढल्या, माना खाली घातल्या. गुत्ता गप्प झाला.

फळीवरचे पेले थरथरायला लागले. चीर दाराकडे सरकली. मी हात जोडून म्हटलं, गा रे बाबांनो. ढोलवाल्यांचे हात उठेनात, गाणं कुणाच्याच गळ्यातून निघेना. शेवटी गायला मीच तोंड उघडलं, आणि निघालं ते रडणं. लाज सोडून, मोठ्याने. मग हमालाने भोकाड पसरलं, मग कुलूपवाल्याने, मग सगळ्यांनीच. ज्याला त्याला आपापली आई आठवली. पलीकडच्या गल्लीतून लोक धावत आले. हळूहळू पेले थांबले. खालच्याला काय, आवाज असल्याशी कारण.

तो झोपला आहे, अक्का. वरची खोली झाडून ठेवली आहे. तिकडे रडायची चोरी होत असेल तर इकडे ये. इथे कितीही मोठ्याने रडलीस, तरी कामालाच येईल.

लोभ आहेच. आईच्या वाटचाही आता तूच कर.

तुझा धाकटा