बंदूक ठाण्यात, मालक फोटोत

कुंडल

प्रिय मोहिद्दीन,

तुला आमचा जय जिनेंद्र आणि मेहरुनवहिनींना सलाम. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे आम्ही उभयता बरे आहोत. गुणमालेची साखर तेवढी वर-खाली होते आणि तिच्याबरोबर घरातला आवाजही.

त्या प्रांजल नावाच्या फोटोवाल्या पोरीनं तुलाही फोन केला आणि तू नकार दिलास, असं कळलं. बंदूक परवाना असलेल्या साध्या माणसांचे फोटो सांगलीत प्रदर्शनात भिंतीवर लावायचे, असा तिचा बेत. आतापर्यंत सगळे एकजात मिशीवालेच निघाले, म्हणून तिला आपल्यासारखे हवे होते. (जैनाच्या घरात बंदूक ऐकून ती खुर्चीतून पुढेच सरकली. मी सांगितलं, बाई, पिकाच्या राखणीची आहे, माझा नेम कायम ढगाला असतो.) तुला मी फोनवर कारण विचारलं, तेव्हा तू म्हणालास, "जिनपाल, तुझ्या हातातली बंदूक लोकांना डुकरासाठी वाटंल. माझ्या हातातली कशासाठी वाटंल, सांग की." मी काहीतरी खोकून फोन ठेवला.

तर माझी हकिगत. मी सकाळीच धाकट्याच्या लग्नातला फेटा बांधून बसलो. पोरगी म्हणाली, रोजचे कपडे घाला. फेटा काढला, तर टकलावर ऊन चमकायला लागलं. मग बंदूक कुठाय म्हणाली. आता निवडणूक लागली की आपल्या बंदुका ठाण्यात जमा होतात, हे तुला काय सांगायचं! पण मला वाटलं, तासाभरासाठी मागितली तर देतील. तांब्या-परात देतात शेजारी, तशी. तिला घेऊन ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाला, "काका, मतं पडंपत्तुर बंदूक मिळायची न्हाई. फोटोच पायजे तर माझा काढा की, मी मोकळाच हाय." (आणि गड्यानं टोपी सरळ केलीसुद्धा.)

परत आलो तर शेजारचा तानाजी गावातल्या नाटकातली लाकडी बंदूक घेऊन हजर. पोरगी म्हणाली, खोटं चालणार नाही. तानाजीला राग आला, कारण ती त्यानंच रंगवली होती. एवढ्यात दिवस मावळायला आणि मक्यात डुकरं शिरायला गाठ पडली. गुणमाला थाळी-पळी घेऊन धावली आणि डुकरांच्या सात पिढ्यांचा असा उद्धार केला, की मुनिमहाराजांनी ऐकलं असतं तर विहाराची वाट बदलली असती. मी मागं बॅटरी धरून, डोळे घट्ट मिटून उभा! बार काढताना डोळे मिटायची सवय. बार नाही हे डोळ्यांना कोण सांगणार? पोरीनं नेमका तोच फोटो घेतला. खाली नाव माझं येणार, बंदूकधारक म्हणून.

बाकी क्षेम. वहिनींनी पाठवलेलं लोणचं संपलं, बरणी परत पाठवतो.

तुझा,
जिनपाल

ता. क. : प्रांजल गुरुवारी मलकापूरला तुझ्याकडे येते आहे. तुझ्या नावानं होकार मीच देऊन ठेवला. शिव्या फोनवर दे, गुणमाला घरात नसेल तेव्हा.

ता. क. २ : तुझीही बंदूक ठाण्यातच आहे, त्यामुळे हातात काही धरायचा प्रश्न नाही. तरीही नाहीच म्हणायचं असेल, तर तिला समोर बसव आणि फोनवर मला विचारलंस तेच विचार. मला उत्तर आलं नाही, बघू तिला येतं का. फक्त तू विचारत असताना ती फोटो काढेल, तेवढा काढू दे.