न झालेल्या नातवाच्या नावावर

बाई, तुम्ही जाऊन पुष्कळ वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर चिडलेली आहे. सातवीनंतर मला घरी बसवायचं ठरलं, तेव्हा शाळा सुटल्यावर तुम्ही कळसला आमच्या घरी आलात. आबा ओट्यावर लोकर कातत बसलेत. मेंढरं विकून ऊस लावला तरी हाताची सवय गेलेली नाही. मी आत चुलीपाशी, भाकरी उलटायची विसरून ऐकतेय. मला वाटलं, पोरगी गणितात हुशार आहे असं तुम्ही सांगाल. तुम्ही म्हणालात, "आबा, आई शिकलेली असली की घरातली पोरं शिकतात. उद्या तुमच्या नातवाचा अभ्यास हीच घेईल." आबा हसले. "नातवासाठी म्हणताय व्हय? मग जाऊ द्या. आमाला वाटलं, हिच्यासाठीच आलाय."

मी शिकले. पदवी घेतली, सांगवीला सून म्हणून गेले आणि मूल झालं नाही. सासूबाईंचं बोलणं पचवलं. पण माहेरी आबाच एकदा जेवता जेवता म्हणाले, "बाईनं नातवाचा वायदा केला हुता. नातू न्हाय, मग एवढी बुकं वाचली कशापायी?" तुम्ही तेव्हा हयात नव्हता, नाहीतर तुमच्या दारात येऊन भांडले असते.

पुढे वाचनात आलं, की अमेरिकेत मुलींसाठी पहिल्या मोठ्या शाळा काढणाऱ्या बायकांनीही पुरुषांपुढे हेच मांडलं होतं: आम्हाला शिकवा, आम्ही देशाला चांगले नागरिक वाढवून देऊ. दारं उघडली. पण आत येणारी बाई स्वतःसाठी येत नाही, अशी पाटीही त्यांच्यावर लागली. ती पाटी उतरवा, असं मी गावोगाव ओरडून सांगत आले.

परवा इंदापुरात तेच बोलले. टाळ्या झाल्या. सभा उठल्यावर डाळजचे एक शेतकरी बारावी झालेल्या मुलीला घेऊन पुढे आले. "ताई, भाषण झ्याक झालं. पर हिला बारामतीला कॉलेजात कशाला घालू, त्येवढं सांगा." मी पुन्हा हक्कावर बोलू लागले. त्यांनी मान हलवली. "समदं खरं हाय. पर घरी आमची म्हातारी सोयरीक धरून बसलीया. हक्क म्हणलं की ती ताट सारती. तिला काय सांगू?" मुलगी माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "सांगा, तुमची पतवंडं ही घडवील." त्यांचा चेहरा उजळला. "हां, ह्ये पटंल तिला."

मुलगी आता कॉलेजात जाईल बहुधा. तुमच्यावरचा राग त्यानं कमी झालेला नाही, फक्त त्याला आणखी एक वाटेकरीण मिळाली: मी स्वतः. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, आणि खरं तर ते त्या मुलीलाच लिहायला हवं: मूल होवो न होवो, तुझं शिकणं तुझंच. एवढी एक ओळ पुरली असती. पण तिचं नाव विचारायचं मला सुचलंच नाही.